गोठ्यातले अँटिबायोटिक आणि पोटातले जिवाणू : नव्याने जनावरे पाळणाऱ्यांसाठी

कोल्हापूर जिल्ह्यातील करवीर, पन्हाळा, कागल, शिरोळ या तालुक्यांत दोन-चार म्हशी घेऊन गोठा सुरू करणारे तरुण हल्ली बरेच दिसतात. वैरण, पेंड, फॅट आणि डेअरीचा दर यांचा हिशेब त्यांना कोणी ना कोणी समजावून देतो. अँटिबायोटिकचा, म्हणजे प्रतिजैविकांचा, हिशेब मात्र सहसा कोणी सांगत नाही. मलाही तो सुरुवातीला कोणी सांगितला नव्हता. पहिल्याच वर्षी आमच्या एका म्हशीला दगडी, म्हणजे कासेचा दाह, झाली, सडात औषधाच्या ट्यूब सोडल्या, तीन-चार दिवसांत कास मऊ पडली आणि घरापुरते दूध आम्ही वापरायला घेतले. आईने रात्री विरजण लावले, पण सकाळी पातेल्यात दूध पातळच होते. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंकडून विरजण आणले, तरी दही लागले नाही. दुधात उतरलेल्या औषधाने विरजणातले जिवाणूच मारले होते, हे मला पुढे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा समजले.

दुधात राहिलेला औषधाचा अंश ही एक गोष्ट झाली. औषधाला दाद न देणारे जिवाणू तयार होणे ही दुसरी गोष्ट आहे, आणि नवख्या माणसाने या दोहोंची गल्लत पहिल्यापासून टाळावी. अंश काही दिवसांत जनावराच्या अंगातून निघून जातो. औषधाला दाद न देणारे, म्हणजे रोधक, जिवाणू मात्र जिवंत असतात, वाढतात, शेणातून बाहेर पडतात आणि एका पोटातून दुसऱ्या पोटात जातात. दूध उकळल्याने जिवाणू मरतात, पण त्यातला औषधाचा अंश उकळून जाईल असा भरवसा धरता येत नाही. म्हणून एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

हे घडते कसे, ते आधी नीट समजून घ्यावे, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यावरच उभी आहे. म्हशीच्या कोठीपोटात आणि आतड्यांत अब्जावधी जिवाणू असतात, आणि त्यांतले बहुतेक तिच्या उपयोगाचेच असतात. खुराला जखम झाली म्हणून मानेत इंजेक्शन दिले, तरी ते औषध रक्तातून सगळ्या अंगात फिरते आणि अनेक औषधांचा काही भाग पित्ताबरोबर आतड्यात उतरतो. तोंडाने दिलेले औषध तर थेट तिथेच पोचते. खुराच्या जखमेशी ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशा जिवाणूंनाही ती मात्रा मिळते. त्यांतले औषधाला बळी पडणारे मरतात, मूठभर दाद न देणारे उरतात आणि मोकळी झालेली जागा व्यापतात. ई. कोलाय हा आतड्यात सर्रास आढळणारा जिवाणू यात विशेष महत्त्वाचा आहे, कारण औषधाला तोंड देणारी जनुके त्याच्याकडे पुष्कळदा प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यांवर असतात आणि या कड्यांची प्रत तो शेजारच्या जिवाणूला, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही, देऊ शकतो. एकाच कडीवर तीन-चार औषधांविरुद्धची जनुके एकत्र असू शकतात. त्यामुळे एक औषध वारंवार वापरले, तरी कधीच न दिलेल्या दुसऱ्या औषधाविरुद्धचा रोधही त्याच्याबरोबर टिकून राहतो.

याचा फार स्पष्ट पुरावा १९७६ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात डॉ. स्टुअर्ट लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका कुटुंबाच्या शेतावर कोंबड्यांची पिले वाढवली आणि त्यांतल्या निम्म्या पिलांच्या खाद्यात ऑक्सिटेट्रासायक्लिन हे टेट्रासायक्लिन गटातले अँटिबायोटिक मिसळले. काही दिवसांतच त्या पिलांच्या आतड्यात टेट्रासायक्लिनला न जुमानणारे जिवाणू वाढले, आणि पुढे कधीच न दिलेल्या इतर औषधांनाही न जुमानणारे जिवाणू दिसू लागले. पाच-सहा महिन्यांत शेतावर राहणाऱ्या माणसांच्या शौचाच्या आठवडी नमुन्यांपैकी सुमारे ३१ टक्के नमुन्यांत बहुतांश जिवाणू टेट्रासायक्लिनरोधक निघाले, तर शेजारच्या घरांतील लोकांत हेच प्रमाण ७ टक्क्यांच्या आसपास होते. ही माणसे ते औषध घेत नव्हती, ती फक्त कोंबड्यांच्या सहवासात होती. औषधी खाद्य बंद केल्यावर काही महिन्यांत बहुतेकांच्या पोटातले ते जिवाणू ओसरले. हा शेवटचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण गोठ्यात आपण जे बदलतो त्याचा परिणाम घरातल्या माणसांच्या पोटापर्यंत उलटही पोचतो, असे त्यातून दिसते.

माणसांच्या बाजूने पाहिले, तर २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट औषधरोधक जिवाणूंमुळे झाले असा अंदाज आहे. त्यात माणसांच्या स्वतःच्या औषधवापराचा वाटा मोठा आहे. सगळा दोष गोठ्यावर टाकणे चुकीचे ठरेल. परंतु गोठा आपल्या हातात आहे, म्हणून सुरुवात तिथून करू.

पहिली पायरी : वही

जनावर दावणीला बांधण्याच्या दिवशीच एक जाड वही घाला. प्रत्येक जनावराला दोन पाने द्या आणि त्यावर तारीख, आजार, औषधाचे नाव, मात्रा, किती दिवस दिले, कोणी दिले आणि दूध कधीपासून पुन्हा घातले, एवढे लिहा. रिकामी बाटली किंवा ट्यूबचे वेष्टन फेकण्याआधी त्यावरचे नाव उतरवून घ्या. वर्षाअखेरी ही वही वाचली, म्हणजे कोणत्या म्हशीला एकच आजार चार वेळा झाला आणि चारही वेळा तेच औषध दिले गेले, हे डोळ्यांना दिसते.

दुसरी पायरी : नवे जनावर वेगळे बांधणे

हरियाणातून मुऱ्हा, गुजरातेतून जाफराबादी किंवा मेहसाणा, नाहीतर आपल्याच भागातली पंढरपुरी, कोणतीही म्हैस आणली तरी ती स्वतःचे जिवाणू बरोबर घेऊन येते. तिला दोन-तीन आठवडे वेगळी बांधावी, तिची धार शेवटी काढावी, तिच्या शेणाची पाटी व खराटा वेगळा ठेवावा आणि विकणाऱ्याला अलीकडे कोणती औषधे दिली ते विचारावे. पुष्कळदा उत्तर मिळत नाही, तरी विचारावे.

तिसरी पायरी : चीक

लहान रेडकांना आणि वासरांना होणारी हगवण हे गोठ्यातल्या अँटिबायोटिकच्या वापराचे एक मोठे कारण आहे, आणि तिचा बराचसा बंदोबस्त चिकातच आहे. गाई-म्हशींच्या पिलांना गर्भात असताना आईच्या रक्तातून रोगप्रतिकारक घटक मिळत नाहीत. ते सगळे चिकातून मिळतात आणि पिलाचे आतडे ते घटक जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांतच चांगले शोषून घेते. साधारण एक दिवसानंतर ती वाट बंद होते. म्हणून जन्मल्यापासून दोन तासांच्या आत पहिला चीक पाजावा आणि पहिल्या दिवसभरात मिळून पिलाच्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतका चीक त्याच्या पोटात जाईल असे पाहावे. वार पडेपर्यंत पिलाला पाजायचे नाही, ही समजूत आपल्याकडे अजून आहे. तिच्यामुळे हेच मोलाचे तास वाया जातात. खरवस मलाही प्रिय आहे, पण तो पिलाचे पोट भरल्यावर उरलेल्या चिकाचा करावा, आणि नात्यागोत्यात वाटण्याची घाई असेल तर नातेवाइकांना थांबायला सांगावे.

हगवण लागलीच तर पिलू बहुधा अंगातले पाणी आणि क्षार गेल्यामुळे दगावते. तेव्हा मीठ-साखरेचे पाणी किंवा डॉक्टरांनी दिलेले क्षार लगेच सुरू करावे, दूध पूर्ण तोडू नये आणि अँटिबायोटिकची गरज आहे की नाही ते डॉक्टरांना ठरवू द्यावे. या वयातल्या हगवणीला विषाणू आणि परजीवीही कारण असतात आणि त्यांच्यावर अँटिबायोटिक चालत नाही.

चौथी पायरी : दगडी होऊच नये म्हणून

दुभत्या जनावरात सर्वाधिक अँटिबायोटिक ज्या आजारासाठी वापरले जाते तो म्हणजे दगडी, अर्थात कासदाह. इथे थोडे थांबून सांगणे आवश्यक आहे, कारण नवशिक्याने एवढी एकच पायरी मन लावून पाळली तरी त्याचा औषधखर्च आणि औषधवापर दोन्ही बरेच खाली येतात.

धार काढण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. कास बादलीभर पाण्याने भिजवू नये, कारण वरची घाण ओघळून सडाच्या तोंडाशी येते; फक्त सड धुवावेत आणि प्रत्येक जनावराला वेगळे कोरडे फडके वापरून पुसावेत. एकच फडके सगळ्या म्हशींना फिरवणे म्हणजे एकीची दगडी सगळ्यांना देणे होय. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या कपात काढून गुठळ्या आहेत का ते पाहावे. अंगठा दुमडून धार काढण्याची सवय असेल तर ती सोडावी आणि पूर्ण मुठीने धार काढावी, कारण अंगठ्याच्या पेऱ्याने सडाला आतून इजा होते. धार झाल्यावर प्रत्येक सड आयोडीनच्या द्रावणात बुडवावा. धारेनंतर सडाचे छिद्र साधारण अर्धा तास उघडे राहते, म्हणून त्या वेळी गव्हाणीत वैरण टाकावी, म्हणजे म्हैस उभी राहते आणि शेणात बसत नाही. आधीच आजारी असलेल्या जनावराची धार सर्वांत शेवटी काढावी.

दगडी डोळ्यांना दिसण्याआधी ओळखण्याची एक स्वस्त तपासणी घरी करता येते. अर्धा लिटर पाण्यात १५ ग्रॅम कपडे धुण्याची साधी पावडर विरघळवावी. चार सडांचे दूध चार वाट्यांत वेगवेगळे घेऊन प्रत्येकात तेवढेच द्रावण घालावे आणि वाटी हलके फिरवावी. ज्या सडाचे दूध चिकट, जेलीसारखे घट्ट होते त्या सडात दाह सुरू झालेला आहे असे समजावे. ही तपासणी पंधरा दिवसांतून एकदा करावी आणि वापरलेले दूध टाकून द्यावे. लवकर कळले तर वारंवार धार काढणे, गोठा कोरडा करणे आणि डॉक्टरांचा वेळीच सल्ला घेणे शक्य होते. कास दगडासारखी होईपर्यंत थांबले की मग ट्यूबशिवाय मार्ग उरत नाही.

पाचवी पायरी : आजार जिवाणूंचा आहे का, हे विचारणे

ताप आला की इंजेक्शन, ही सवय गोठ्यात फार लवकर लागते. पण तिवा विषाणूमुळे होतो, लाळ-खुरकूत विषाणूमुळे होते, लम्पी विषाणूमुळे होतो. या आजारांच्या विषाणूंवर कोणतेही अँटिबायोटिक काम करत नाही. लाळ-खुरकुताच्या किंवा लम्पीच्या जखमांत नंतर जिवाणू शिरले तर ते द्यावे लागते, परंतु तो निर्णय तपासणीनंतरचा आहे. गोचीड तापाचे बरेच प्रकार रक्तातल्या परजीवींमुळे होतात आणि त्यांची औषधे वेगळी आहेत. रक्ताचा नमुना काचपट्टीवर तपासून ते कळते. घटसर्प आणि फऱ्या हे मात्र जिवाणूंचेच आजार आहेत, ते झपाट्याने मारतात आणि त्यांत उशीर परवडत नाही. या दोन्हींवर पावसाळ्यापूर्वी लस मिळते. लस टोचलेली असली की उपचाराची वेळच सहसा येत नाही, म्हणून लसीकरणाची तारीख वहीच्या पहिल्या पानावर असावी.

सहावी पायरी : औषध देण्याची वेळ आली तर

गरज असेल तेव्हा अँटिबायोटिक जरूर द्यावे. आजारी जनावराला उपचाराविना ठेवणे हा संयम नव्हे, तो त्या मुक्या जिवावर अन्याय आहे. पण ते पशुवैद्यकाने तपासून, जनावराच्या वजनाचा अंदाज घेऊन आणि नेमके किती दिवस द्यायचे ते सांगून द्यावे. जवळ दवाखाना नसेल तर १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करता येतो. उरलेली बाटली पुढच्या वेळी आपल्याच अंदाजाने टोचणे, शेजाऱ्याच्या म्हशीला लागू पडलेली ट्यूब आपल्या म्हशीला सोडणे, दुसऱ्या दिवशी बरे दिसले म्हणून परस्पर थांबणे आणि चार दिवसांनी पुन्हा सुरू करणे, या सवयी लागू देऊ नका. दोनदा उपचार करूनही गुण येत नसेल, तर तिसरे महागडे औषध मागण्याऐवजी दुधाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून कोणते औषध चालते ते पाहण्याची विनंती डॉक्टरांना करावी. हा खर्च नवशिक्याला जड वाटतो. माझ्या अनुभवात तो आंधळेपणाने सोडलेल्या ट्यूबच्या खर्चापेक्षा कमीच पडला.

काही औषधे तर आपल्या गोठ्यात येताच कामा नयेत. कोलिस्टिन हे माणसांच्या अतिदक्षता विभागात शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेले औषध आहे. त्याच्याविरुद्धचा रोध प्लाझ्मिडवरून पसरू शकतो, हे २०१५ साली चीनमध्ये डुकरे, त्यांचे मांस आणि रुग्णालयातील माणसे यांच्या नमुन्यांतून उघड झाले. त्यानंतर जुलै २०१९ मध्ये भारत सरकारने अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत, कोंबड्यांत आणि त्यांच्या खाद्यात कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली. कोंबड्या पाळणाऱ्यांनी खाद्याच्या पोत्यावरचा आणि पाण्यात टाकायच्या पुडीवरचा मजकूर म्हणूनच वाचावा. वाढ लवकर व्हावी यासाठी खाद्यात अँटिबायोटिक मिसळण्याची पद्धत युरोपीय संघाने २००६ च्या जानेवारीपासून पूर्ण बंद केली आणि तिथला कुक्कुटव्यवसाय त्यामुळे बुडालेला नाही.

सातवी पायरी : दूध थांबवणे, आणि थांबवलेल्या दुधाचे काय करायचे

औषधाच्या वेष्टनावर शेवटच्या मात्रेनंतर दूध किंवा मांस किती दिवस वापरू नये ते लिहिलेले असते. तसे लिहिलेले नसेल, तर भारतातील नियमांप्रमाणे दुधासाठी व अंड्यांसाठी हा काळ किमान ७ दिवस आणि मांसासाठी किमान २८ दिवस धरावा लागतो. एका सडात ट्यूब सोडली तरी चारही सडांचे दूध थांबवावे, कारण औषध रक्तातून इतर सडांत उतरते. एका म्हशीचे दूध कॅनमध्ये मिसळले की सगळ्या गावाच्या संकलनाला बाधा येऊ शकते.

आता खरी अडचण पुढे येते. सात दिवसांचे दूध ओतून टाकायला कोणाचाही हात धजत नाही, म्हणून ते रेडकाला पाजले जाते. मीही तसेच केले आहे. पण त्या दुधातली औषधाची थोडीशी मात्रा रोज कोवळ्या आतड्यात जाते, आणि जिवाणूंना मारायला अपुरी पण रोधक जिवाणू निवडायला पुरेशी अशी ती मात्रा असते. असे दूध पिणाऱ्या वासरांच्या शेणात रोधक ई. कोलाय अधिक आढळतात, हे अनेक देशांतील अभ्यासांत दिसले आहे. हे दूध रेडकाला, कुत्र्याला, मांजराला देऊ नये आणि ओढ्यात ओतू नये. बायोगॅसच्या टाकीतही ते टाकू नये, कारण तिथला गॅस जिवाणूच तयार करतात. शेणखताच्या ढिगात पालापाचोळ्याबरोबर जिरवणे हा त्यातल्या त्यात बरा मार्ग आहे.

आठवी पायरी : शेण

दिलेल्या औषधाचा बराचसा भाग शेण-मूत्रातून जसाच्या तसा बाहेर पडतो आणि रोधक जिवाणूही त्याच वाटेने येतात. कोल्हापुरात शेणाचा शेवट उसाच्या सरीत नाहीतर पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात आणि ओढ्यातून पंचगंगेत होतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तर गोठे, उकिरडे, विहिरी आणि घरे यांचे पाणी एकच झाले होते. म्हणून उकिरडा ओढ्यापासून व विहिरीपासून दूर, उंचवट्यावर असावा. ताजे शेण भाजीच्या वाफ्यात घालू नये. ढीग रचून, ओलावा राखून आणि अधूनमधून उलटून तो आतून ५५ अंश सेल्सियसच्या वर तापू द्यावा. आत खुपसलेली लोखंडी सळई दहा मिनिटांनी काढली असता हातात धरवत नाही, इतकी उष्णता काही दिवस टिकली पाहिजे. त्यामुळे रोधक जिवाणूंची संख्या बरीच घटते. जनुके मात्र पूर्णपणे नाहीशी होत नाहीत, म्हणून खत कुजवणे हा औषध जपून वापरण्याला पर्याय ठरत नाही.

नववी पायरी : आपले घर

गोठ्यातून आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय चहाचा कप उचलू नये आणि मुलांना गोठ्यात बसून खाऊ देऊ नये. गोठ्यातली चप्पल स्वयंपाकघराच्या बाहेर राहावी. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर म्हैस पिळून धारोष्ण दूध पिण्याची आपल्या शहराची जुनी रीत आहे आणि तालमीतल्या पैलवानांमुळे तिला मानही आहे. त्या रिवाजाबद्दल पूर्ण आदर ठेवूनही मी सांगेन, की कच्च्या दुधाबरोबर म्हशीच्या सडावरचे आणि शेणातले जिवाणू आपल्या पोटात जाऊ शकतात. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांनी तरी दूध उकळूनच प्यावे. चिकन धुताना उडालेल्या शिंतोड्यांतून जिवाणू ओट्यावर पसरतात, तेव्हा ते न धुता थेट शिजवावे. तांबडा रस्सा उकळतो तेव्हा त्यातले जिवाणू मरतात. पण चिकन कापलेल्या पाटावरच कोशिंबिरीसाठी कांदा चिरला तर ते जिवंतच ताटात येतात.

आणि आपल्या स्वतःच्या औषधांनाही गोठ्याचाच नियम लावावा. गोळ्यांच्या पत्र्यावर उभी लाल रेघ असलेले औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. घरात कोणाला जुलाब झाले, तर बहुतेक वेळा ओआरएस आणि मुलांसाठी झिंक पुरेसे असते. ताप असेल किंवा शौचातून रक्त पडत असेल तर दवाखाना गाठावा. डॉक्टरांकडे गेल्यावर आपल्याकडे जनावरे आहेत, त्यांतले कोणते आजारी आहे आणि त्याला गेल्या महिन्यात काय टोचले, हे न विचारता सांगावे. पहिल्या दिवशी घातलेली वही त्या वेळी सोबत न्यावी.